देवापुढे म्हणायचं एक वाक्य

माझं अक्षर चांगलं आणि मराठी त्याहून चांगलं, असा माझा समज होता. तो मी ऑफिसात कोणाला विसरूही देत नसे. सिल्वासात सरकारी कागद गुजरातीत आणि इंग्रजीत निघायचे, मराठीत काही लिहायचं झालं की साहेब म्हणायचे, "अरविंदभाईंना द्या." असंच एकदा एक वाक्य माझ्याकडून लिहून घेतलं. पुढे ते शेकडो माणसांनी पाठ केलं. फक्त कमळाबाईंना ते म्हणता येईना.

मी सिल्वासाला आलो ब्याऐंशी साली. दापोलीकडचा माणूस, समाजकल्याणाच्या टेबलावर कारकून. "दोनच वर्षं," असं सांगून पाठवलं होतं. माझी बायको मालती डोंबिवलीला शाळेत शिकवायची, दोन मुली तिच्याजवळ. नोकरी सोडून ती इकडे येणार नव्हती आणि माझी बदली कोणी करणार नव्हतं. तेव्हा टोकरखाड्यात एक खोली, एक कॉट, एक रेडिओ, आणि संध्याकाळी कमळाबाईंचा डबा, असा माझा संसार. सुरुवातीला वाईट वाटायचं. नंतर सवय झाली, आणि त्या सवयीचंच जास्त वाईट वाटायला लागलं.

कमळाबाई साक्री तालुक्यातल्या. नवरा गोकुळ, सायली गावात दोऱ्याच्या कंपनीत. त्या वर्षांत कंपन्या भराभर उघडत होत्या आणि खानदेशातून माणसं ट्रंका घेऊन येत होती. सामरवरणीच्या एका चाळीत त्यांची खोली. गोकुळ चौऱ्याऐंशी साली छातीच्या दुखण्यानं गेला. मागे उरल्या कमळाबाई आणि एकोणीस वर्षांचा नवनाथ, जो प्लास्टिकच्या कंपनीत मशीनवर होता. बाईंनी चाळीतल्या सड्या पोरांचे डबे सुरू केले. कळण्याची भाकरी, ठेचा, कधी शेवभाजी. मी त्यांचं एकमेव कोकणी गिऱ्हाईक.

"कमळाबाई, कधीतरी भात द्या हो," मी म्हणायचो.

"भातनं काय पोट भरस का भाऊ? मुतसन मोकळं व्हस मानूस." आणि हसायच्या. हसताना पदर तोंडाला लावायच्या, पण हसू डोळ्यांत उरायचं.

नवनाथ गेला तो शहाऐंशीच्या उन्हाळ्यात. सुपरवायझरशी भांडून त्यानं काम सोडलं आणि महिनाभर घरी बसला. एक दिवस जेवायला बसला असताना बाई बोलल्या, "बसीसन कितला दिन खाशी?" तो हातातला घास ताटात ठेवून उठला, हात धुतला, चपला घातल्या आणि गेला. वापीला गेला म्हणे, मग कोणी म्हणे सुरत. पहिल्या वर्षी एक पोस्टकार्ड आलं, 'मी बरा आहे' एवढंच, पत्ता नाही. पुढे तेही नाही.

आई मुलाला असं दिवसातून दहादा बोलते. माझी आई मला चुलीतलं लाकूड दाखवायची. पण कमळाबाईंनी ते मनाला लावून घेतलं ते कायमचं. पोरगा ताटावरून उठला, म्हणजे आपल्या तोंडानं उठवला. त्यानंतर त्या कोणालाच वाकडं बोलेनाशा झाल्या. पीठ मापात मारणाऱ्या वाण्यालाही नाही. मला चीड यायची. मी म्हणायचो, "अहो, त्याला सुनवा जरा." त्या म्हणायच्या, "जाऊ द्या भाऊ. तोंडमान काय से माहीत नई ऱ्हास."

मग डोळे गेले. मोतीबिंदू. शिबिरात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तो पुरता गेला. दुसऱ्याला हात लावू द्यायला त्या तयार होईनात. भाकऱ्या करपायला लागल्या, भाजीत खडे यायला लागले. पोरांनी एकेक करून डबे बंद केले. मी बंद केला नाही, त्यात माझा चांगुलपणा थोडा आणि हट्ट जास्त. अठ्ठ्याऐंशी साली मीच त्यांचा निराधार पेन्शनचा फॉर्म भरला, मीच त्यांचा अंगठा धरून उमटवला. पोस्टमन दर महिन्याला मनिऑर्डर आणायला लागला. खोलीचं भाडं आणि पीठ त्यात व्हायचं. बाकी काही लागतच नसे त्यांना.

दुपारी तीनला सायलीच्या कंपन्यांची पाळी सुटते. त्या वेळी कमळाबाई चाळीच्या तोंडाशी रस्त्यावर जाऊन उभ्या राहायच्या. सायकलींचा लोंढा यायचा, ओरडत, घंट्या वाजवत. त्यांना दिसायचे ते नुसते हलणारे ठिपके. त्या ऐकायच्या. नवनाथ हसला की शेवटी त्याचा श्वास आत ओढल्याचा आवाज यायचा, तो आपल्याला ओळखू येईल अशी त्यांची खात्री होती. लोंढा सरला की घरी यायच्या. रोज. रविवारी कंपन्या बंद, तो दिवस त्यांना जड जायचा.

नव्वद साली पेन्शनची यादी फार फुगली. दिल्लीहून येणारा पैसा तेवढाच, आणि अर्ज दुप्पट. आमच्याकडे एक कल्याण समिती होती, तिच्यात प्रस्ताव आला: ज्याला मुलगा हयात आहे त्याला पेन्शन नको. यावर वाद पेटला. वारली पाड्यांतले पुढारी म्हणाले, आमची पोरं स्वतःच उपाशी, ती काय पोसणार. गुजराती व्यापारी मंडळी म्हणाली, बाहेरून आलेल्यांनी गर्दी केली आहे, त्यांना आधी काढा. कोणीच मागे हटेना, तेव्हा समितीनं 'समाजाचं मत' घ्यायचं ठरवलं, आणि समाज म्हणून बोलावलं कोणाला, तर देवळातल्या आणि चर्चमधल्या मंडळींना. शाळेच्या सभागृहात सभा झाली. इतिवृत्त लिहायला मी.

आमच्या मराठी माणसांतर्फे उभे राहिले भगवंतबुवा. सामरवरणीच्या दत्तमंदिरात पूजा आणि कीर्तन दोन्ही तेच करायचे. धुळ्याकडचेच, पूर्वी मिलमध्ये फिटर होते. आवाज खणखणीत. दारू सोडवलेली दहा-बारा पोरं त्यांच्या नावावर होती, त्यामुळे मान मोठा.

"आईबापाला सांभाळणं हा मुलाचा धर्म," बुवा म्हणाले. "आज इथल्या प्रत्येक चाळीत पगार घेणारा एकेक पोरगा आहे ज्याची आई सरकारच्या दारात उभी आहे. सरकारनं आईला पोसलं की पोराच्या मनाची टोचणी जाते. ती टोचणी काढू नका. तीच त्याला परत आणेल."

टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, मीही वाजवल्या, पेन खाली ठेवून.

मग चर्चचे फादर उठले. गोव्याचे, म्हातारे, मोडकी मराठी बोलायचे. "बुवा, तुमची गोष्ट खरी हाय. पण पोराची टोचणी खाऊन आई किती दिवस जगेल?"

सभागृहात हशा झाला. दोन तास असंच चाललं. अखेरीस तडजोड निघाली, आणि ती सुचवली बुवांनीच. मुलगा हयात आहे की नाही हे कागदांवरून कळायचं नाही. तो सांभाळतो की नाही हे तर नाहीच. तेव्हा माणसानं वर्षातून एकदा आपापल्या देवापुढे, आपल्या धर्माच्या माणसासमक्ष सांगावं की मला कोणी नाही. देवापुढे कोण खोटं बोलेल? धर्माच्या माणसानं खाली सही करावी, ऑफिसनं ती मानावी. फादरनी नकारार्थी मान हलवली, पण विरोध केला नाही. सगळे दमले होते.

मराठी नमुना मी लिहिला. दोन रात्री घालवल्या. 'निराधार' हा शब्द मला कोरडा वाटला. शेवटी लिहिलं: 'माझे म्हणावे असे या जगात मला कोणीही नाही.' साहेबांनी पाठ थोपटली. मीही ते एकदा मोठ्यानं वाचलं, खोलीत एकटाच असताना, आणि खूश झालो.

दिवाळीनंतरचा गुरुवार ठरला. दत्तमंदिरात रांग लागली. समोर बुवा, शेजारी फॉर्मचा गठ्ठा घेऊन मी. प्रत्येकानं हातात तुळशीचं पान घ्यायचं, मूर्तीकडे तोंड करायचं, वाक्य म्हणायचं, पान पायाशी वाहायचं, की बुवांची सही. दुर्गा नावाच्या एका म्हातारीला तर तिच्या मुलानंच सायकलवरून आणलं होतं. तो बाहेर औदुंबराखाली बिडी ओढत थांबला. म्हातारीनं वाक्य एका दमात म्हटलं, न अडखळता, आणि बाहेर जाऊन सायकलच्या कॅरिअरवर बसली. मी बुवांकडे पाहिलं. बुवा म्हणाले, "तिचं ती आणि देव बघून घेतील. पुढचा."

पुढच्या कमळाबाई होत्या. पान हातात घेतलं. मूर्तीकडे वळल्या. मी वाक्य सांगितलं. त्या पान चाचपत राहिल्या. ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा सांगितलं.

"मना नवनाथ से," त्या म्हणाल्या.

"हो, पण तो सांभाळत नाही ना? मग म्हणा."

"तो से ना, भाऊ. जित्ता से. देवना म्होरे कसं म्हनू, कोनी नई?"

बुवा समजुतीनं म्हणाले, "आई, हे नुसतं सरकारी म्हणणं आहे."

"सरकारी से ते सरकारना म्होरे म्हनसू. आठे दत्त से." त्यांनी पान घट्ट धरलं होतं. "एकदा बोलनू, ते पोऱ्या ताटवरून उठी गया. आते असं बोलनू, आनि देवनी ऐकी लिधं ते?"

मागची रांग कुरकुरायला लागली. तिथं आम्ही दोन शहाणे उभे होतो: एकानं धर्म पाहिला होता, दुसऱ्यानं भाषा. जिवंत मुलाची आई हे वाक्य उच्चारूच शकत नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी हळूच म्हटलं, "बुवा, सही करून टाका." बुवांचा चेहरा उतरला. पण सही त्यांनी केली नाही. "अरविंदभाऊ, मीच सांगितलं देवापुढे खोटं नको. आणि आज मीच खोट्यावर सही करू?" माणूस प्रामाणिक होता. कधी कधी वाटतं, थोडा कमी असता तर बरं झालं असतं.

पेन्शन बंद झालं. कागद मीच खाली पाठवला.

मी फादरकडे गेलो होतो एकदा. त्यांच्याकडची पद्धत मला कळली होती: ते कोणाला काहीच म्हणायला लावत नसत. माणूस बघायचे आणि सही करायचे. मी म्हटलं, कमळाबाईंना पाठवू का? ते म्हणाले, पाठव की. पण कमळाबाईंनी ऐकूनच हात जोडले. "फादर देवमानूस से. पन दुसराना देवकडे जाईसन मना देवले फसाडू का?"

मग कशा जगल्या? वाण्याकडे धान्य निवडायच्या, हातानं चाचपून. डोळसांपेक्षा चांगलं निवडायच्या. गुरुवारी मंदिरातून बुवा ताट पाठवायचे, स्वतः झाकून. माझा डबा त्यांच्याकडेच होता. मी पीठ जास्त टाकायचो, त्या भाकऱ्या जास्त पाठवायच्या, असा आमचा खेळ. दरवर्षी दिवाळीनंतरच्या गुरुवारी मात्र त्या रांगेत यायच्या. पान घ्यायच्या, मूर्तीकडे वळून म्हणायच्या, "मना नवनाथ से," पान वाहायच्या आणि घरी जायच्या. जणू आम्ही त्यासाठीच बोलावलं होतं. चार वर्षं.

आणि मी? मालतीची पत्रं महिन्याला एकावर आली होती. मुली मोठ्या झाल्या होत्या. सुट्टीत गेलो की मला पाहुण्यासारखा चहा करून द्यायच्या, साखर किती ते विचारून. एकदा ऑफिसात बसल्या बसल्या ते वाक्य कच्च्या कागदावर लिहिलं आणि बघत राहिलो. मग कागद फाडला. कमळाबाईंचा धाक होता म्हणा.

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये एका दुपारी वाण्याचा माणूस ऑफिसात आला. "बाईंनी बोलावलंय. त्यांचा मुलगा आलाय, कागद वाचायला या." मी सायकल काढली आणि सामरवरणीपर्यंत मध्ये कुठे थांबलो नाही.

नवनाथ खोलीत खुर्चीवर बसला होता. अंगानं भरलेला, मनगटावर घड्याळ. अंकलेश्वरला केमिकलच्या कंपनीत ऑपरेटर झाला होता. कमळाबाई त्याच्यासमोर जमिनीवर, हात त्याच्या गुडघ्यावर. परातीत पीठ भिजवलेलं. त्यांचा चेहरा मी तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता, पुढेही नाही.

कागद साधा होता. गावाकडची गोकुळच्या नावावरची घराची जागा चुलतभावाला द्यायची होती, त्याला आईचा अंगठा हवा होता. मी वाचून दाखवला. बाईंनी अर्धा ऐकला असेल. "लावू का रे अंगठा? लाव म्हनी तठे लावसू." लावला.

नवनाथनं कागद घडी करून खिशात घातला आणि उठला.

"बस ना. भाकरी टाकस."

"नको आई. साडेचारची बस पकडायची आहे. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे."

"मंग कधी येशी?"

तो दाराशी थांबला. माझ्याकडे पाहिलं, मी बाहेर जाईन अशी वाट पाहिली असावी. मी गेलो नाही. मग तो खाली बघून म्हणाला, "आई, तू वाट नको बघू. माझं तिकडे लग्न झालंय. मुलगी आहे दोन वर्षांची. सासरा कंपनीत मोठा माणूस आहे, त्यानंच लाइनीला लावलं. त्यांना मी सांगितलंय, माझं कोणी नाही. आता फिरवून काय सांगू?"

कमळाबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. तो वाकला, पायाला हात लावला, गेला. मी तावातावानं त्याच्यामागे चार पावलं गेलो. तोंडात शिव्या तयार होत्या. पण मागे बाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या देखत त्यांच्या मुलाला बोलायची माझी छाती झाली नाही. परत आलो तर त्या परातीपाशी बसून पीठ मळत होत्या.

"पोरी से म्हने," त्या म्हणाल्या. "नाव इचारनं ऱ्हायी गयं."

दुसऱ्या दिवसापासून त्या तीन वाजता रस्त्यावर उभ्या राहिल्या नाहीत.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी डबा घ्यायला गेलो, तर म्हणाल्या, "भाऊ, ते तुमनं वाक्य माले सांगा."

"कोणतं?" मी विचारलं, कोणतं ते कळूनही.

"देवना म्होरेनं. माले पाठ करनं से. मना मुखे तुमनी भाषा वळत नई."

मी उंबऱ्यावर बसलो. सांगितलं. त्या एकेक शब्द घेत गेल्या. "माझे म्हणावे असे." 'म्हणावे' त्यांना जमेना, 'म्हनावं' व्हायचं. मी म्हटलं चालेल. त्या म्हणाल्या नको, कागदवर से तसंच म्हनसू. "या जगात मला." मग "कोणीही नाही." शाळेतल्या पोरीसारख्या मांडी घालून बसल्या होत्या, एका बोटानं जमिनीवर ताल धरून. पंधरा-वीस वेळा आम्ही ते म्हटलं, आधी मी, मागून त्या. माझ्या चांगल्या मराठीची मला त्या दिवशी जन्माची शरम वाटली.

गुरुवारी त्यांनी ते म्हटलं. एकही शब्द न चुकता. बुवांनी सही केली, आणि रांग संपल्यावर बराच वेळ गाभाऱ्यात बसून राहिले.

"टोचणी परत आणेल म्हणालो होतो मी," ते म्हणाले. इतिवृत्तात होतंच ते, माझ्याच अक्षरात.

जानेवारीत पहिली मनिऑर्डर आली. त्याच संध्याकाळी मी मंदिरात गेलो होतो, तर कमळाबाई भिंतीला हात लावत लावत आत आल्या. पदराच्या गाठीत ती सगळी रक्कम, आणि पिशवीत नारळ, दूध, फुलं.

"बुवा, अभिषेक करना से. शांतीना."

"कशाची शांती, आई?"

"मी जे म्हटलं ना तवळ, ते देवनी ऐकं आशीन. पोऱ्या केमिकलमां काम करस. रोज मोटरवर जास-येस. मना शब्द त्याले लागाले नको." त्यांनी गाठ सोडून पैसे पाटावर ठेवले. "देवले सांगा, ते पोटसाठी म्हटलं. खरं नई व्हतं."

बुवांनी पैशांना हात लावला नाही. पण पाट मांडला, पळी-पंचपात्र घेतलं, दिवा लावला. हातावर पाणी सोडताना ते थांबले. संकल्पात नाव लागतं, नातं लागतं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी ऑफिसचा माणूस, पेन्शनचं टेबल माझं. मग त्यांच्याकडे वळून विचारलं, "कोणासाठी म्हणायचं, आई?"

"नवनाथ गोकुळ," त्या मोठ्यानं म्हणाल्या, मूर्तीकडे तोंड करून. "मना आंडोर. एकुलता."

मुलगा आहे, हे देवापुढे, धर्माच्या माणसासमक्ष सांगितलेलं होतं. नियमाप्रमाणे ते पेन्शन मी दुसऱ्या दिवशी सकाळी बंद करायला हवं होतं. मी नारळ उचलला आणि फोडला.